मामाबरोबर बघितलेलं ब्रुकचं महाभारत

गेल्या आषाढात आईच्या माहेरी, परुळ्याला, चार दिवस राहायला गेले होते. पाऊस असा की अंगणापलीकडचे माड दिसेनात, लाईट जातेय येतेय, आणि मामा ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत बसलेला. माझा मामा दशावतारी, म्हणजे आमच्या कोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या दशावतार नाटकांतला नट. तीसेक वर्षं त्याने वेगवेगळ्या कंपन्यांत काढली, तरुणपणी स्त्रीपार्ट, मग अंग भरलं तसे राजे, मग केस पिकल्यावर ऋषी. आता गुडघे रात्रभर उभं राहू देत नाहीत म्हणून दोन वर्षं घरीच आहे, आणि पावसात तर कुठलीच कंपनी बाहेर पडत नाही, त्यामुळे त्याला अजिबात करमत नव्हतं. मी म्हटलं मामा, एका इंग्रज दिग्दर्शकाने केलेलं महाभारत आहे माझ्याकडे, बघायचं का. तो म्हणाला, "इंग्रजाक म्हाभारत खंयसून गावला गो?" पण उठून चष्मा घेऊन आला.

पीटर ब्रुकची १९८९ची फिल्म ती. टीव्हीसाठी केलेले तीन भाग, सगळं मिळून पाच तासांच्या वर. आम्ही रोज रात्री जेवणं झाल्यावर एकेक भाग बघितला, लॅपटॉप पाटावर ठेवून. सुरुवातीला मी संवाद मराठीत सांगत होते पण अर्ध्या तासाने मामाने हातानेच मला गप्प राहायची खूण केली. गोष्ट त्याला येतच होती, बाकीचं तो नटांच्या तोंडाकडे आणि पायांकडे बघून समजून घेत होता. गणपती आला तेव्हा तो सरळ होऊन बसला, कारण आमच्याकडेही आधी गणपतीच येतो. आणि थोड्या वेळाने कृष्ण आल्यावर म्हणाला, "ह्यो मगासचोच गणपती. एकच माणूस असा." मी नावं तपासली तर खरंच, ब्रूस मायर्स नावाचा नट दोन्ही करतो. मला ते आधी दोन वेळा बघूनही कळलं नव्हतं.

मी एका हायस्कूलात शिकवते, वेंगुर्ले तालुक्यात, आणि दरवर्षी मुलांचं एखादं नाटक बसवते. ब्रुक माझ्या आयुष्यात त्यामुळे आला, पुस्तकातून. त्याच्याबद्दल मराठीत लिहिलेलं वाचताना तो एकदम कोणीतरी साधुपुरुष असल्यासारखा भेटतो, मोकळी जागा, शांतता वगैरे, आणि तो तिथपर्यंत कसा आला ते राहूनच जातं. मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण हा माणूस सुरुवातीला अगदी उलट टोकाला होता.

जन्म २१ मार्च १९२५, लंडन. आईवडील लाटव्हियातून आलेले ज्यू. अठराव्या वर्षी लंडनमधल्या एका छोट्या थिएटरात 'डॉक्टर फॉस्टस' बसवलं, विसाव्या वर्षी बर्मिंगहॅमला पॉल स्कोफील्डला घेऊन 'किंग जॉन', एकविसाव्या वर्षी शेक्सपिअरच्या गावात स्ट्रॅटफर्डला 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट', आणि बाविसाव्या वर्षी लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसचा प्रॉडक्शन डिरेक्टर! आपल्याकडे बाविसाव्या वर्षी पोराला मंडळाच्या नाटकाचा पडदा ओढायला देतात. तिथे १९४९ साली त्याने 'सालोमे' केलं आणि डिझाईन कोणाचं तर साल्व्हादोर दालीचं. तो पातळ होऊन ओघळणाऱ्या घड्याळांचा चित्रकार, त्याने तसलेच अचाट सेट आणि कपडे केले, बघणारे खवळले, टीकाकारांनी झोडपलं, आणि ब्रुकची ती नोकरी संपली. म्हणजे बघा, नंतर ज्याचं नाव एका गालिच्यावरच्या नाटकाशी जोडलं गेलं त्याने चोविसाव्या वर्षी दालीचा सेट लावलेला होता. हे मला फार आवडतं. त्याने आधी सगळं करून बघितलं, भरून बघितलं, आणि मग एकेक करत काढलं, आणि काढायला त्याला वीस-पंचवीस वर्षं लागली.

काढणं कसं सुरू झालं त्याचं एक उदाहरण म्हणजे १९५५चं 'टायटस अँड्रॉनिकस'. लॉरेन्स ऑलिव्हिए आणि त्याची बायको व्हिव्हियन ली. शेक्सपिअरचं हे सगळ्यात रक्तबंबाळ नाटक, त्यात लाव्हिनियावर अत्याचार होतो, तिचे हात तोडतात, जीभ कापतात. स्टेजवर हे दाखवायचं कसं? ब्रुकने व्हिव्हियन लीच्या तोंडातून आणि मनगटांतून लाल रिबिनी सोडल्या, लांबच लांब, बस. रक्ताचा एक थेंब नाही. मी हे मामाला सांगितलं पहिल्या रात्री झोपायच्या आधी, तर त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "रगात दाखवलास तर लोक रगताक बघतत. बाईक कोण बघतलो?" मला रात्री बराच वेळ झोप नाही लागली. मी जे पुस्तकं वाचून शोधत होते ते ह्या माणसाला माहितीच होतं आणि मी इतकी वर्षं त्याला विचारलंच नव्हतं.

आता माझी गोष्ट. सहा-सात वर्षांपूर्वी मी ब्रुकचं 'द एम्प्टी स्पेस' वाचलं. १९६८ सालचं पुस्तक, लहानसं आहे. त्याची सुरुवातच अशी की कुठलीही रिकामी जागा घ्या, एक माणूस तिथून चालत जातोय, दुसरा त्याच्याकडे बघतोय, नाटक व्हायला एवढं पुरतं. मी हे वाचून अक्षरशः पेटले. त्या वर्षी आमची तालुक्याच्या स्पर्धेत एकांकिका होती, नववीची मुलं, आणि मी सगळं काढून टाकलं. दरवर्षी भाड्याने आणायचो ते पडदे नाहीत, झाडं नाहीत, सगळ्यांना काळे कपडे, स्टेज मोकळं. प्रयोग पडला. मुलं त्या मोकळ्या स्टेजवर हरवल्यासारखी फिरत होती, आवाज मागे पोचत नव्हता, समोर बसलेले पालक आधी कुजबुजायला लागले आणि मग चक्क बोलायला लागले. एक मुलगी विंगेत येऊन रडली. परीक्षकांनी लिहिलं की नेपथ्याकडे लक्ष दिलेलं नाही. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू, दोन-तीन वर्षं मी तोच राग धरून होते की ह्यांना ब्रुक माहीत नाही.

चूक माझी होती आणि ती त्याच पुस्तकात लिहिलेली होती, मी ते पान वाचून पुढे गेले होते. ब्रुक स्वतःचीच गोष्ट सांगतो, 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'च्या वेळची. पहिल्या तालमीच्या आदल्या रात्री हा पोरगा सेटचं छोटं मॉडेल समोर घेऊन बसला, पुठ्ठ्याचे चाळीस तुकडे घडी घालून नट म्हणून उभे केले आणि ते इकडून तिकडे सरकवत दरबाराची पहिली एंट्री बसवली, सगळं जाड वहीत नंबर घालून लिहून ठेवलं. सकाळी खऱ्या नटांना तसं चालायला सांगितलं आणि लगेच कळलं की हे काही खरं नाही. माणसं पुठ्ठ्यासारखी चालत नव्हती, कोणी भराभर पुढे, कोणी रेंगाळतंय, कोणी वळून बघतंय, आणि अजून तर पहिलीच हालचाल होती. क्षणभर त्याला वाटलं की परत पहिल्यापासून कवायत करून घ्यावी. मग तो वही ठेवून नटांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, आणि तो म्हणतो की त्यानंतर कधी लिहून आणलेल्या प्लॅनकडे बघितलं नाही.

माझी वही होती. दोनशे पानी, चौकटीची, प्रत्येक वाक्याला कोणी कुठे उभं राहायचं त्याचे बाण काढलेले, आणि शाळेच्या हॉलमध्ये खडूने खुणा. स्टेजवरून मी पडदे काढले होते पण मुलांच्या डोक्यात मी माझी वही उभी करून ठेवली होती, तिथे रिकामी जागा कुठून येणार. मोकळं स्टेज आणि मोकळा नट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला दशावतारात वाढूनही कळलं नव्हतं. आमच्याकडे बाकडं एकच असतं, कधी ते सिंहासन, कधी डोंगर, कधी रथ. पेटी, मृदंग, झांज बाजूला बसलेले. लिहिलेलं नाटक नसतंच, संध्याकाळी मालक आख्यान सांगतो, कोणी काय करायचं ते ठरतं, आणि भाषणं तिथे उभं राहिल्यावर सुचतात. लहानपणी मी मामाला विचारलं होतं की तुला एवढं पाठ कसं राहतं, तर म्हणाला पाठ काय असता, समोरच्यान काय सांगल्यान ता आयकाचा. समोरचा काय म्हणाला ते ऐकायचं. ब्रुकच्या आख्ख्या पुस्तकात मला ह्याहून वेगळं काय सापडलं असेल तर ते प्रेक्षकांबद्दल, त्याच्याकडे येतेच.

त्याआधी फिल्मांबद्दल, कारण लोक त्याला नाटकवालाच समजतात. 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' १९६३ साली आली, काळीपांढरी, दीड तासाची. विमान पडून बेटावर अडकलेली शाळकरी मुलं, मोठं माणूस कोणीच नाही, आणि ती हळूहळू रानटी होत जातात. पोर्तो रिकोजवळच्या व्हिएकेस बेटावर १९६१च्या उन्हाळ्यात शूटिंग केलं. मुलं नट नव्हती, आणि कॅमेरा ज्याच्या हातात दिला तो टॉम हॉलिमन फोटोग्राफर होता, त्याने आधी फिल्म कधी शूट केलेलीच नव्हती. मुलांना खेळू दिलं आणि चिकार फिल्म वापरली, तासन्‌तास, मग त्यातून दीड तास काढला. आमच्या किनाऱ्यावर संध्याकाळी पोरं रापणीच्या होडीभोवती जी दंगल करतात ती बघताना मला ह्या फिल्मची आठवण येते, आणि थोडी भीतीही वाटते, कारण त्या मुलांच्या तोंडावर अभिनय दिसतच नाही. बघायची असेल तर ही आधी बघा. 'किंग लिअर' त्यानंतर, १९७१ची, परत स्कोफील्ड, डेन्मार्कच्या थंडीत बर्फात शूट केलेली, ती जड आहे, मला दोन बैठका लागल्या.

नाटकात मधल्या काळात त्याने १९६४ साली पीटर वाइसचं 'मारा/साद' केलं, वेड्यांच्या इस्पितळातले रुग्ण फ्रेंच क्रांतीचं नाटक करतायत असं, ते ब्रॉडवेवर गेलं आणि त्याला टोनी पुरस्कार मिळाला. आणि मग १९७०चं 'अ मिडसमर नाईट्स ड्रीम'. जंगल, पऱ्या, चांदणं असलेलं नाटक, आणि सॅली जेकब्जने सेट काय केला तर एक पांढरा स्वच्छ खोका, तीन भिंती, वरून झुले. पऱ्यांचा राजा आणि पक झुल्यावर बसून बोलतात, जादूचं फूल म्हणजे काठीवर गरगर फिरणारी ताटली, ती एकाच्या काठीवरून दुसऱ्याच्या काठीवर जाते, आणि जंगलातली झाडं म्हणजे गळांच्या काठ्यांना लावलेली तारेची वेटोळी. नंतर गांधी झालेला बेन किंग्जली ह्यात डिमिट्रियस होता. तेव्हाचे फोटो बघितले तरी जीव हलका होतो. झाडं नाहीत, पण आपण झाडं बघतो.

एवढं यश मिळाल्यावर कोणीही तिथेच बसलं असतं. ब्रुक पॅरिसला गेला, मिशलीन रोझान ह्या बाईंबरोबर नाट्यसंशोधनाचं केंद्र काढलं, वेगवेगळ्या देशांतले नट जमवले आणि १९७२च्या डिसेंबरात त्यांना घेऊन आफ्रिकेत गेला. अल्जीरियातून सहारा ओलांडून खाली नायजेरियापर्यंत, शंभरेक दिवस. बरोबर एक गालिचा. गाव दिसलं की परवानगी घ्यायची, गालिचा अंथरायचा, लोक भोवती बसले की सुरू. भाषा सारखी नाही, गोष्टी सारख्या नाहीत, लोकांना ह्यांचं नाव माहीत नाही. हेलन मिरेन होती त्या गाड्यांत, जपानचा योशी ओइदा होता. अल्जीरियातल्या इन सलाह गावात पहिला प्रयोग, बाजाराच्या जागेत, आणि तिथे सुरुवात कशाने झाली तर एका बुटांच्या जोडाने. गालिच्याच्या मधोमध धुळीने भरलेले बूट ठेवले. लोक बुटांकडे बघायला लागले, नटही बघायला लागले, आणि दोघांच्यात पहिल्यांदा काहीतरी एक झालं. नट मग त्या बुटांशी खेळत गेले.

हा भाग मी मामाला फार रंगवून सांगितला. मला वाटलं तो खूष होईल. तो म्हणाला, "मगे त्येंका जेवाण खंय गावला?" मी म्हटलं माहीत नाही. तर म्हणाला आम्ही पेटारा डोक्यावर घेऊन चालत जायचो तेव्हा पहिला प्रश्न तोच, जेवायचं कोणाकडे, कारण ज्याच्या घरी जेवलो त्याच्यासमोर रात्री वाईट काम करता येत नाही. हे त्याने इतकं सहज सांगितलं आणि पुढच्या विषयावर गेला, पण मी ते वहीत लिहून ठेवलंय.

आणि इथे ते प्रेक्षकांचं. 'एम्प्टी स्पेस'च्या शेवटी ब्रुक फ्रेंच भाषेतले तीन शब्द घेतो. तालमीला फ्रेंचमध्ये शब्द आहे रेपेतिसियों, म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. प्रयोगाला रेप्रेझांतासियों, म्हणजे जे होऊन गेलं ते परत आत्ता आणणं. आणि प्रेक्षकांना आसिस्तांस. नाटक बघायला जाणं म्हणजे फ्रेंचमध्ये नाटकाला आसिस्ते करणं, हातभार लावणं. त्याचं म्हणणं, पुन्हा पुन्हा केल्याने जे मरतं ते बघणाऱ्याच्या हातभाराने परत जिवंत होतं. आमच्या जत्रेत पहाटे तीनला लोकांना हसवणारा संकासुर कधीच येऊन गेलेला असतो, आख्यान अर्ध्यावर, अर्धी पोरं आयांच्या मांडीवर झोपलेली, खाज्याच्या दुकानात बत्ती तेवढी चालू, आणि तरी पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या डोळे न मिटता त्या राजाकडे बघत असतात. मामा म्हणतो की पहाटेचं काम त्या दोघींसाठी असतं. नट थकलेला असतो, त्या त्याला उभं धरतात. आसिस्तांस म्हणजे त्या दोघी.

ब्रुकने एका विद्यापीठात ह्याचा प्रयोग करून दाखवला होता तोही पुस्तकात आहे. श्रोत्यांतल्या एकाला ऑशविट्झच्या गॅस चेंबरबद्दलचा उतारा वाचायला दिला, तो कसाही वाचला तरी सगळे स्तब्ध. मग दुसऱ्याला शेक्सपिअरच्या 'हेन्री द फिफ्थ'मधली अजिंकूरच्या लढाईतल्या मेलेल्यांची यादी, त्याने नाटकी आवाज लावला आणि लोक चुळबुळायला लागले. मग ब्रुकने श्रोत्यांनाच विचारलं की पाचशे वर्षांपूर्वी मेली ती माणसं नव्हती का, आणि वाचणाऱ्याला सांगितलं प्रत्येक नावानंतर थोडं थांब, श्रोत्यांनी त्या थांबलेल्या वेळात त्या नावाचा विचार करायचा. तोच माणूस, तीच यादी, आणि खोली शांत झाली, आणि लोक शांत झाल्यावर वाचणाऱ्याचा आवाजही आपोआप साधा झाला.

मी हे गेल्या वर्षी वर्गात केलं. यादी दुसरी. मुलांना सांगितलं, पितृपक्षात म्हाळाला तुमच्या घरी ज्यांची नावं घेतात ती घरी विचारून लिहून आणा, तीन पिढ्यांची. एकाने भराभर वाचलं, बाकीचे पेन्सिली फिरवत होते. मग थांबून वाचायला सांगितलं. पणजीच्या नावाला तो मुलगा स्वतःच थांबला, मी सांगायच्या आधी, आणि मागच्या बाकावरच्या पोरांनी पेन्सिली खाली ठेवल्या. वर्गात एवढी शांतता मी वीस वर्षांत ऐकली नव्हती.

ब्रुकला पॅरिसमध्ये जागा मिळाली तीही अशीच. गार दु नॉर स्टेशनच्या मागे बूफ द्यू नॉर नावाचं १८७६चं थिएटर, १९५२पासून बंद, पडकं. १९७४ साली त्याने ते उघडलं आणि दुरुस्त केलं ते फक्त बसता येईल इतकं. भिंतींचे पोपडे, काळे डाग, उघड्या विटा सगळं तसंच ठेवलं, आणि स्टेज खाली आणून पहिल्या रांगेच्या पायाशी आणलं. तीस-पस्तीस वर्षं तो तिथे होता.

आणि तिथूनच महाभारत. झाँ-क्लोद कारिएर ह्या लेखकाबरोबर कित्येक वर्षं त्यावर काम केलं, दोघं भारतात येऊन फिरले, आणि १९८५च्या जुलैत फ्रान्समध्ये अवीन्योंच्या महोत्सवात पहिला प्रयोग, नऊ तासांचा. जागा बुलबोंची दगडाची खाण. मामाला मी खाण म्हटल्यावर चिऱ्याची खाण डोळ्यांसमोर आली, म्हणाला आवाज छान लागत असेल, तीन बाजूंनी भिंत. बरोबर तेच कारण असावं. नऊ तास तीन संध्याकाळी वाटून करायचे किंवा सलग एका रात्रीत, अंधार पडल्यावर सुरू करून उजाडेपर्यंत. सलग प्रयोगाला शेवटी ऊन दगडावर यायचं. आमच्याकडे नाटकाच्या शेवटी दहीकाला फुटतो तेव्हा उजाडतं, तर मामाला ह्याचं काही नवल वाटलं नाही, त्याला नवल ह्याचं वाटलं की फ्रान्समधले लोक रात्रभर बसले.

दुसऱ्या रात्री मल्लिका साराभाईंची द्रौपदी बघताना मामा काही बोलला नाही. मुख्य नटांत त्या एकट्याच भारतीय. मामाने स्वतः द्रौपदी किती वेळा केली असेल, त्याच्या हाताची बोटं मांडीवर हलत होती एवढं मी बघितलं. बोलला तो भीष्माबद्दल. सोतिगी कुयाते, बुर्किना फासोचा, उंच, काटकुळा. "त्येका कायच करूचा लागणा नाय गो. नुसतो उभो रवलो तरी भीष्म दिसता." मी सांगितलं की ह्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गोष्टी आणि वंशावळी मुखोद्गत ठेवायचं काम चालत आलंय, आणि तरुणपणी हा आपल्या देशाच्या टीममधून फुटबॉल खेळलाय. मामाने मान हलवली, "मगे बरोबर. पायात दिसता."

पण तिसऱ्या रात्री गीता आली आणि काही मिनिटांत संपली तेव्हा तो खरंच नाराज झाला. मला म्हणाला थांबव. "अठरा अध्याय. आनि इतक्यातच झाला?" ह्याच मुद्द्यावर आपल्याकडच्या अभ्यासकांनी ब्रुकला धारेवर धरलंय, रुस्तम भरुचांनी तर सविस्तर लिहिलं, की ज्या समाजाची ही गोष्ट त्याच्या श्रद्धा, धर्म, जात, सगळं बाजूला ठेवून ब्रुकने ती उचलली आणि सगळ्या जगाची म्हणून विकली. नऊ तासांचं नाटक भारतात आलंच नाही, आपल्यापर्यंत आली ती फिल्म, हेही आहेच. मी बरीच वर्षं ब्रुकच्या बाजूने भांडायचे. आता मला वाटतं भरुचांचं बरंचसं बरोबर आहे. ब्रुकला महाभारत ही मोठी गोष्ट म्हणून भेटली, आणि ती ज्यांच्या घरातली आहे त्यांचं तिच्याशी रोजचं बोलणं असतं, देवाशी भांडण असतं, थट्टा असते, ते त्याला घेता आलं नाही. मामाची तक्रार शेवटी तीच निघाली, गीतेपेक्षाही ती मोठी. म्हणाला, सगळं चांगलं आहे, पण लोक हसतात कधी? संकासुर नाही, भीम पोट धरून हसवत नाही. ब्रुकने स्वतःच पुस्तकात रांगड्या नाटकाबद्दल किती प्रेमाने लिहिलंय, घाम, गोंगाट, आचरटपणा, आणि महाभारताला हात लावताना मात्र तो थोडा सोवळ्यात गेला असं माझंही मत झालंय. तरी सोतिगी कुयातेचा भीष्म माझ्या मनातून जात नाही, आणि तो भीष्म मला त्याच माणसाने दाखवला. दोन्ही खरं आहे, मला त्यातलं एक सोडता येत नाही.

ब्रुकने ते महाभारत सोडलं नाही. २०१५ साली, नव्वदाव्या वर्षी, मारी-एलेन एस्तिएनबरोबर त्यातूनच 'बॅटलफिल्ड' केलं. युद्ध संपलंय, युधिष्ठिर जिंकलाय आणि त्याला राज्य नकोय. चार नट, तोशी त्सुचितोरी ढोल वाजवायला, काही काठ्या आणि रंगीत कापडं, तास-सव्वा तासात संपतं. नऊ तासांवरून तास-सव्वा तास. २०२१ साली आपल्या सरकारने त्याला पद्मश्री दिली, आणि २ जुलै २०२२ला तो पॅरिसमध्ये गेला, ९७ वर्षांचा होऊन.

हल्ली आमच्याकडे दशावताराच्या जाहिरातीवर 'ट्रिकसीनयुक्त' असं मोठ्या अक्षरात असतं, धूर, लाईट, हवेतून येणारा देव. मी मामासमोर त्याबद्दल वाईट बोलले तर त्याने मला थांबवलं. म्हणाला पोरांना करू दे, कंपनी जगायला पाहिजे, आणि ज्याला काम येतं तो धुरातही दिसतो. मी दालीच्या सेटचा विचार करत होते तेव्हा. काही बोलले नाही.

ह्या वर्षीचं नाटक मी वही न करता बसवतेय. ब्रुकची अजून एक सवय होती ती घेतलीय. तालमी निम्म्याच्या पुढे गेल्या की तो नटांना घेऊन एखाद्या शाळेत जायचा, कपडे नाहीत लाईट नाहीत, मुलांसमोर करून बघायचं, कारण मुलं कंटाळली की लगेच कळतं. आम्ही गेल्या मंगळवारी पाणंदीतून चालत मराठी शाळेत गेलो, पहिली-दुसरीची अठरा मुलं, पडवीत बसवली. मामाही आला होता काठी घेऊन, मुद्दाम परुळ्याहून एसटीने. पहिल्या प्रवेशाला पोरं पुढे सरकली. दुसऱ्याला एक पोरगी उभी राहून आमच्या राजाला ओरडून सांगायला लागली की मागे चोर आहे, आणि आमचा राजा, नववीतला, क्षणभर गोंधळला, मग तिच्याकडे वळून म्हणाला, "खंय?" नाटकात नव्हतं ते. मामा मागे भिंतीला टेकून बसला होता, त्याने काठी जमिनीवर आपटली दोनदा. तिसऱ्या प्रवेशाला मात्र सगळी पोरं खिडकीतून बाहेरच्या कुत्र्याकडे बघायला लागली. तो प्रवेश मला सगळ्यात जास्त आवडत होता, सगळ्यात जास्त मेहनत त्यावर घेतली होती.

परत येताना मुलांनीच विचारलं, बाई, तिसरा काढायचा का. काढला. प्रयोग येत्या शनिवारी आहे, संध्याकाळी पाचला, शाळेच्या पटांगणात, खाली बसायचं आहे, येताना गोणपाट घेऊन या.